पान सहावरची निधनवार्ता

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो नंदकिशोर इंगळे रोज कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसतो. भोसरी ते चाकण. थापा मारायचा त्याचा स्वभाव नाही, आणि तेवढी कल्पनाशक्तीही देवाने त्याला दिलेली नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

फेब्रुवारीतला सोमवार होता, सकाळचे साडेसात. चांगलं ऊन पडलेलं. मोशीच्या पुढे बस नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये अडकली होती.

नंदकिशोरने मोबाइलवर पेपरचं अ‍ॅप उघडलं. आपला इथलाच स्थानिक पेपर. हे खातं त्याने खरं तर वडिलांसाठी, अप्पांसाठी काढलेलं. एकच खातं, दोन मोबाइल. अप्पा आधी निधनवार्ता वाचायचे. "कोण गेलं ते बघू दे, राजकारण काय पळून जात नाही," म्हणायचे.

अप्पांना जाऊन अकरा महिने झाले होते. त्यांच्या मोबाइलची बॅटरी फुगली, म्हणून ती काढून मोबाइल माळ्यावर टाकून दिलेला. नंबरही बंद.

अ‍ॅप उघडलं...

आजचा अंक आलाच नाही.

अकरा महिन्यांपूर्वीचा अंक उघडला. पान सहा. अप्पांचा फोटो.

'येथील दौलतराव इंगळे यांचे निधन झाले. त्यांच्या मागे मुलगा, सून, नात असा परिवार आहे.'

आणि खाली एक सूचना...

'हे खाते दुसऱ्या मोबाइलवर सुरू आहे.'

बोट चुकून कुठे लागलं असेल, म्हणून त्याने अ‍ॅप बंद केलं.  त्या बातमीत एक खोट होती, आणि ती त्याचीच होती.

त्याची धाकटी बहीण दिपाली. घरच्यांना न विचारता लग्न केलं म्हणून याने तिच्याशी बोलणं टाकलं. राहते कुठे, तर इथेच जवळ, थेरगावला. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये अप्पा म्हणाले, "दिपीला कळव." याने मान डोलावली आणि कळवलं नाही. पेपरच्या ऑफिसात बातमी द्यायला गेला, तेव्हा तिथल्या माणसाने विचारून विचारून 'मुलगी' असंही लिहिलं होतं. याने स्वतः पेन घेऊन ते खोडलं.

बाप गेल्याचं दिपालीला पेपर वाचून कळलं. त्या परिवारात ती नव्हतीच.

मंगळवारी पुन्हा तेच पान उघडलं.

'त्यांच्या मागे मुलगा, नात असा परिवार आहे.'

सून नव्हती...

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "छापताना राहिलं असेल राव."

"काल होतं भावा. काल मी वाचलंय."

जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन आला. लांडेवाडी चौकात चारुलताची, त्याच्या बायकोची, स्कूटी घसरली होती. हात मोडला. मागचा टेम्पो वीतभर अंतरावर थांबला होता.

बुधवारी अ‍ॅप उघडायचंच नाही असं ठरवून तो बसमध्ये बसला. मोबाइल खिशात. मोशी गेली. चिंबळी फाटा आला.

खिशात मोबाइल थरथरला...

काढून पाहिला, तर अ‍ॅप उघडंच होतं.

'त्यांच्या मागे मुलगा, सून असा परिवार आहे.'

सून परत आली होती.

नात नव्हती.

सलोनी, त्याची मुलगी. सहा वर्षांची. त्याने लगेच घरी फोन लावला. चारुलता म्हणाली, "आत्ताच गेली की शाळेच्या व्हॅनमधून." व्हॅनवाला फोन उचलेना. बस जागची हलेना. माणूस घाबरून रडतो म्हणजे काय, ते मी तेव्हा शेजारी बसून पाहिलं.

मग त्याने दिपालीचा नंबर शोधला. दोन वर्षं ब्लॉक केलेला. एका रिंगमध्ये तिने उचलला.

"बोल दादा."

"दिपे, चुकलो मी. अप्पांनी शेवटी तुलाच बोलवलं होतं. मी कळवलं नाही. बातमीतून तुला मीच खोडलं."



"माहीत आहे मला," ती म्हणाली. "रोज त्या बातमीचं कात्रण येतं ना. अप्पांच्या नंबरवरून. वहिनी पाठवते ना?"

त्याने मोबाइल कानापासून लांब धरून माझ्याकडे बघितलं.

"आज त्याच्याखाली लिहिलंय, दादाचा फोन येईल, उचल."

तेवढ्यात चारुलताचा फोन आला. व्हॅनचं चाक पुलावर निखळलं होतं. गाडी कठड्याला टेकून थांबली. पोरं सुखरूप. सलोनीला खरचटलंसुद्धा नव्हतं.

नंदकिशोरने डोळे पुसले आणि पुन्हा पान सहा उघडलं. मीही डोकावलो.

'त्यांच्या मागे मुलगी, सून, नात असा परिवार आहे.'

मुलगी आली होती. सून होती. नात होती...

मुलगा नव्हता.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. दिपाली माहेरी येऊन जेवून गेली. माळ्यावरचा मोबाइल तिथेच आहे, त्यावर बोटभर धूळ. तो जुना अंक मी माझ्या मोबाइलवर उघडून पाहिला, तर त्यात छापलं होतं तसंच आहे. मुलगा, सून, नात.

नंदकिशोरला अजून काहीही झालेलं नाही. सून वगळली गेली ती एका दिवसापुरती, नात एका सकाळपुरती. याचे एकवीस दिवस झाले. मशीनमध्ये हात घालताना तो दोनदा मागे वळून बघतो. रस्ता ओलांडायला माझा दंड धरतो. परवा म्हणाला, "दिपीने हे अकरा महिने सोसलं रे."

रोज सकाळी मोशी आली की तो अ‍ॅप उघडतो.

"'मुलगा' परत आला का?" मी विचारतो.

तो नकारार्थी मान हलवतो आणि मोबाइल खिशात ठेवतो.