आधी चाखलेली पेज

"पेजेत दवाई टाकलास ना, बाबू?"

रुख्मानं वाटी ओठांपासून दूर सारली आणि खुशालची मान खाली गेली... चोवीस वर्षांपूर्वी, कपाळीचं कुंकू पुसलं त्याच आठवड्यात, ज्या तीन वर्षांच्या पोरक्या दिराला तिनं उराशी धरलं, ज्याच्यासाठी माहेराहून आलेलं दुसरं स्थळ दारातूनच परत पाठवलं, त्यानंच आज तिला फसवावं!

"टाकलो, वयनी. तुही तकलीफ मले पाहावत नाही. तिरोड्याचा डाक्टर म्हणे, बिमारी बरी नाही होत, पण झोप तं लागन..."

"झोपच नाही पायजे मले! चार दिस झाले, बाया रोवणीचे गाणे म्हणून राह्यल्या, अन् मी मेल्यावानी पडून राह्यली."

घरामागच्या पाणी भरलेल्या बांधीत बाया चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, रोवत होत्या. किती पावसाळे त्या गाण्याची पहिली ओळ रुख्माच्याच गळ्यातून उठली होती!

"पण दुखन ना, वयनी!"

"दुखणं माह्यं आहे. तू लहानपणी भुईनिंबाचा काढा थुकून देत होतास. मी कधी गुळात लपवत होती का रे?"

नव्हता लपवला... आधी स्वतः घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची, "लय कडू आहे. पेतास?" म्हणायची आणि त्याच्या उत्तराची वाट पाहायची. तो नाही म्हणाला, तर ओल्या फडक्यानं त्याचं तापलेलं कपाळ पुसत राहायची. सारं सारं त्याच्या डोळ्यांत दाटून आलं...

खुशाल ती वाटी उचलून आत गेला. नवी पेज घेऊन आला. दवाईची बाटली त्यानं बूच लावून तिच्या उशाशी ठेवली.

"हे तुह्यापाशी. मागशील तवाच देईन."

मग वाटीतला पहिला घोट त्यानं स्वतः घेतला.

"फक्त मीठ आहे, वयनी. पेतेस?"

आणि तो थांबला... उत्तरासाठी!

"पाज, माह्या राजा," ती म्हणाली, आणि दोघांचेही डोळे वाहू लागले.

अर्धी वाटी संपली नाही तोच तिच्या पोटात कळ उठली. खुशालचा हात बाटलीकडे गेला. तिनं मान हलवली. तो हात मागं आला आणि तिच्या मुठीत विसावला. ती मूठ घट्ट आवळून रुख्मानं फाटक्या सुरात ओळ उचलली,

"हिरव्या पऱ्ह्याची मूठ सोडते ग बाई..."

बांधीतलं गाणं एकदम थांबलं. क्षणभर नुसतं पाणीच वाजत होतं. मग साऱ्या बायांनी एका गळ्यानं ओळ झेलली,

"उघड्या बांधीले हिरवी चोळी शिवते ग बाई!"