हसण्यासाठी सोडलेली जागा

संग्रहातली टेप पुसायची असेल तर आधी ती एकदा पूर्ण चालवायची, लेबलावरची लांबी ताडून पाहायची आणि मग फॉर्मवर सही करायची, असा आमच्याकडे नियम आहे. माझ्या आधीचे सगळे न बघताच सह्या ठोकायचे. मी बघते. आयुष्यभर टीव्ही मालिकांचं संकलन केलेल्या बाईला एवढा हट्ट चालतो.

त्या सोमवारी आलेल्या पुसायच्या टेपांच्या यादीत सत्याऐंशीव्या ओळीवर दादाची मालिका होती. मालिका कसली, एकच भाग, तोही कधी न दाखवलेला. माझ्या थोरल्या भावाने लिहिलेली कौटुंबिक विनोदी मालिका, आणि वाहिनीच्या पसंतीसाठी केलेला तिचा पायलट. घरातलं काहीही बिघडलं की स्वतःच दुरुस्त करायला बसणारे बाबा, त्यांना आवरणारी आई, दोन मुलं आणि आजी, सगळे जेवायला बसलेले. बाबांनी दारावरची घंटा दुरुस्त केल्यापासून ती वाजली की घरातले दिवे जातात. यावर आजी म्हणते, "बरं झालं. पाहुणे आले की आता आपोआप कुणी घरी नसतं."

यानंतर कलाकार चार सेकंद थांबतात. ती जागा हसण्यासाठी सोडलेली असते. प्रेक्षकांचं हसू नंतर वेगळ्या ट्रॅकवरून भरायचं. ते काम माझं होतं. आणि वाहिनीला टेप पाठवताना मी गडबडीत हसू न भरलेलीच प्रत पाठवली. एका खोलीत वाहिनीची सात माणसं बसली, प्रत्येक विनोदानंतर पडद्यावरचे पाच जण मुकाट एकमेकांची तोंडं बघत राहिले, आणि 'हसू येत नाही' असा शेरा आला. दादाने तो मनाला लावून घेतला. त्यानंतर त्याने एक ओळ लिहिली नाही. एका शाळेत ग्रंथपाल झाला. माझी चूक मी त्याला कधीच सांगितली नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. आणि या टेपेखेरीज दुसरी प्रत कुठेच नव्हती.

लेबलावर लांबी होती बावीस मिनिटं चाळीस सेकंद. यंत्रावर भरली चोवीस मिनिटं पाच. टेप हळू चालली असती तर आवाज घोगरे झाले असते. ते ठणठणीत होते. मंगळवारी पुन्हा लावली. सव्वीस मिनिटं. मग मी कागद घेऊन बसले आणि एकेक जागा मोजली. संवाद जसेच्या तसे होते. मधलं थांबणंच तेवढं वाढलं होतं. चार सेकंदांचे नऊ झाले होते, आणि त्या वाढीव सेकंदांत मुलगी वेणीचं टोक चावत होती, बाबा चमचा खाली ठेवत होते. या भागातली चौकट न् चौकट मी हाताळलेली आहे. यातलं काहीही चित्रित झालेलं नव्हतं.

बुधवारी घंटेच्या विनोदानंतर ते थांबले ते थांबलेच. यंत्रावरचे आकडे पळत होते. एक मिनिट, तीन, सहा. आजीचं काम केलेल्या बाई आठ वर्षांपूर्वी गेल्या. मी त्यांच्या घरी सांत्वनाला जाऊन आले होते. त्यांनी सावकाश मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दवाखान्यात आपला नंबर कधी लागेल म्हणून पाहतात, तसं.

मग काय सुचलं कोण जाणे, मी हसले. कोरडं, ओशाळं हसू. पडद्यावरच्या आईने लगेच पुढचं वाक्य घेतलं.

मी दादाला फोन केला. तो गुरुवारी दुपारी आला, कुरकुरतच. पहिल्या विनोदानंतर पाचही जण थांबले तेव्हा तो म्हणाला, "अगं, हे असे गप्प का बसलेत?"

मी सगळं सांगून टाकलं. हसू भरायचं राहिलं होतं, टेप मीच पाठवली होती, इतकी वर्षं तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, आणि पडद्यावरचे त्याच्याकडे.

"मला वाटायचं, मलाच जमत नाही," तो म्हणाला.

मग तो खुसखुसला. पुढच्या विनोदाला मोठ्याने हसला. तिसऱ्याला त्याने मांडीवर थाप मारली. त्याला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला रडू आवरेना. पडद्यावर सगळं झकास चाललं होतं. विनोद चांगले होते. मी सांगते ना, चांगले होते.

तेवढ्यात दारात साहेब उभे राहिले, हातात फॉर्म. संग्रह रिकामा करायची जबाबदारी त्यांची. बाकी सगळ्या टेपांचं उरकलं, तुमची एकच अडली आहे, असं म्हणाले.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"मग सहीवाचून पुसू. हे तेव्हाही कुणाला आवडलं नव्हतं, बाई."

"तेव्हा दाखवलं ते अर्धं होतं. आधी पाहा. मग काय ते बोला."

त्यांनी आत येऊन दार लोटलं, फॉर्म टेबलावर ठेवला आणि ते यंत्राकडे वळले. पडद्यावर घंटा वाजली, दिवे गेले, आले. आजीने तिचं वाक्य टाकलं. दादा हसला, मीही हसले.

पडद्यावरचं कुणीच पुढे बोललं नाही.

आजीने आमच्या दोघांच्या मधून मागे पाहिलं.

"ते उभे आहेत ते हसले नाहीत," ती म्हणाली. हे वाक्य दादाने लिहिलेलं नव्हतं.

साहेबांनी पुढे होऊन बंदचं बटण दाबलं. आकडे थांबले. टेप थांबली. पडद्यावर मुलगी वेणी चावतच होती.

साहेबांनी ओठ ताणून हसल्यासारखं केलं.

आजीने नकारार्थी मान हलवली. "सूनबाई, दाराला कडी घाल."

आई उठून उजवीकडे गेली, दिसेनाशी झाली. सेटच्या त्या बाजूला दार नव्हतं, मला पक्कं आठवतं. कडी सरकल्याचा आवाज आमच्या पाठीमागून आला. आमच्या दाराला कडी नाही.

साहेबांनी जाऊन दार ओढून पाहिलं. दोनदा.

मी भ्यायला हवं होतं. पण शेजारी दादा हाताची घडी घालून बसला होता, आपल्या माणसांत बसल्यासारखा. मी फॉर्मची चौपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"या, साहेब," मी म्हटलं. "पहिल्यापासून लावते."

पडद्यावर आई परत आली. येताना तिने एक रिकामी खुर्ची आणली होती.