अकरा एकांची पैज

खोलीची किल्ली घरमालकाला परत द्यायची होती, म्हणून ताई भर दुपारी शिकवणीच्या जागेवर गेली. काम एवढंच, की भागाकारांच्या वह्या आणि भावाचा चष्मा घेऊन यायचं. भाऊ जुळा, चार मिनिटांनी मोठा; तेवढ्यावर त्याने जन्मभर दादागिरी केली. दोघांनी तीस वर्षं त्या खोलीत गणित शिकवलं आणि शेवटची काही वर्षं, मुलं घरी गेली की, एक पैज खेळली.

पैज एका संख्येवर होती. अकरा वेळा एक, शेजारी शेजारी: १११११११११११. ताई म्हणायची, ही मूळ संख्या, हिला कशानेच भाग जायचा नाही. दादा म्हणायचा, फुटेल. हरणाऱ्याने "तू माझ्याहून हुशार" असं तीनदा ओरडायचं. कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही. रोज एक मूळ संख्या घेऊन भागून बघायचं, एक दिवस त्याने, एक दिवस हिने, आणि दुसऱ्याची पाळी कधीच आपण घ्यायची नाही. साडेसहा वर्षं हे चाललं. ताईने २१६४७ ने भागलं, बाकी उरली ९०६९. पुढची पाळी दादाची, २१६४९ ची. त्या सकाळी दादा उठलाच नाही.

वर्ष होत आलं. ताईने कितीदा पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. तो भागाकार आपण केला, तर दादा खरोखरच संपला, असं तिला वाटायचं.

तळमजल्यावर नवीनच आलेली शिंपीणबाई मशीन थांबवून म्हणाली, "मास्तर वर आहेत ना? सकाळपासून खडू चालतोय... मधूनच हसतात."

"वर कुलूप आहे, बाई."

"मग खडू..." शिंपीणबाईने वर छताकडे बघितलं.

कुलूप गंजलं होतं, किल्ली दोनदा अडली. दार उघडताच ओल आणि खडूचा वास अंगावर आला. आत मिट्ट काळोख. कुठेतरी कर्र... कर्र... झालं आणि थांबलं. तिने चाचपडत खिडकी उघडली.

फळाभर एकच भागाकार होता. अक्षर दादाचं, त्याचे ते पाठीत वाकलेले चार. भागलं होतं २१६४९ ने. उत्तर ५१३२३९. ताईने एकेक पायरी तपासली, कारण दादा वजाबाकीत कच्चा. एकही चूक नव्हती. बाकी शून्य.

ताई हरली होती, आणि इतका आनंद तिला जिंकून कधी झाला नव्हता. डोळे पुसत ती ओरडली, "तू माझ्याहून हुशार! तू माझ्याहून हुशार! तू माझ्याहून हुशार, जा!" खालचं शिवणयंत्र पुन्हा थांबलं.

मग तिला शून्याखालची नवी ओळ दिसली. नुसते एक. तिने बोटाने मोजले. एकोणीस.

"नवी पैज?" ती हळूच म्हणाली. "दादा... पहिली पाळी कोणाची?"

कर्र.

तिने पुन्हा मोजले. वीस. ती फळ्यापासून मागे सरली. पण शिकवणारीची जात कुठे गप्प बसते!

"वीस एकांना... अकराने भाग जातो रे," ती पुटपुटली. "ही कसली पैज?"

चोरी पकडली जावी तसं कानाशी कोणीतरी चुकचुकलं. आणि ओळीतला शेवटचा एक, तिच्या डोळ्यांदेखत, तळहाताने पुसावा तसा हळूहळू पुसला गेला.