तिसऱ्या पटाच्या कवड्या

"पडलं पडलं दान, सोंगटी गं निघाली,
चार वाटा चालून घराला गं लागली."

सातांतल्या पाच कवड्या उताण्या पडल्या की पंचवीसचं दान, आणि पंचवीस पडले की सुमनची आई तारामती हे गुणगुणायची. गुणगुणताना गुडघ्यावर एक थाप. सुमनला तो आवाज अजून आठवायचा, पण दुरून, शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीपलीकडून ऐकू यावा तसा. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"सुमे, शिट्टी वाजवू का? माझ्या गालांत हवा भरून तयार आहे," जयंत म्हणाला.

"दोन मिनिटं आहेत अजून," सुमन म्हणाली आणि पुन्हा गुणांच्या तक्त्याकडे वळली.

१९८६ च्या मे महिन्याची सुट्टी होती. जयपूरच्या मराठी मंडळाने सीकर रोडवरच्या एका शाळेचं सभागृह दिवसभरासाठी घेऊन खेळमेळा भरवला होता. कॅरम होता, बुद्धिबळ होतं, पण सगळ्यात मोठी झुंबड सोंगट्यांच्या स्पर्धेला. चोवीस खेळाडू, सहा पट, प्रत्येक पटावर चौघं. पाऊण तासाने शिट्टी, आणि तोवर ज्याच्या जितक्या सोंगट्या घरात तितके त्याचे गुण. मग चिठ्ठ्या काढून सगळ्यांनी पट बदलायचे. अशा तीन फेऱ्या झाल्या की सर्वांत जास्त गुणांचे चौघं संध्याकाळी पाचला अंतिम डावाला बसणार.

ही स्पर्धा पूर्वी तारामतीबाई चालवायच्या. चालवायच्या आणि बहुतेक वेळा जिंकायच्याही. गेल्या वर्षी पट निघालेच नाहीत. यंदा मंडळाचे सचिव वसंतराव म्हणाले, मुलांनाच चालवू द्या. म्हणून तक्ता तेरा वर्षांच्या सुमनकडे, शिट्टी वसंतरावांच्या जयंतकडे आणि चिठ्ठ्या सुभेदारांच्या नागनाथकडे आल्या. आईचा पट आणि आईच्या कवड्या सुमनने घरून आणल्या. तो झाला पट नंबर तीन.

जयंतने शिट्टी फुंकली. दुसरी फेरी संपली. तिसरी जेवणाच्या सुट्टीनंतर होती. नागनाथने सहाही पटांवरून गुण आणून दिले, सुमनने ते तक्त्यावर भरले, आणि भरता भरता तिचा खडू थांबला.

वरचे आठ खेळाडू तिने पुन्हा पाहिले. आठांपैकी सात जण कधी ना कधी तिसऱ्या पटावर बसलेले होते. आठव्या गंगूबाई. त्यांना कुठेही बसवा, त्या जिंकायच्याच.

"मतलब, माणसं बदलतात आणि पट जिंकतो?" जयंतने डोकं खाजवलं. "आपल्यापेक्षा हुशार निघाला की तो!"

नागनाथ कमी बोलायचा. त्याने तिसऱ्या पटावरच्या कवड्या मुठीत घेतल्या आणि दुसऱ्या मुठीत पहिल्या पटाच्या. मग तिघं कूलरच्या मागे गेले. तिथे वाळ्याचा ओला वास होता आणि मोठ्यांचं लक्ष नव्हतं. पन्नास वेळा या कवड्या टाकल्या, पन्नास वेळा त्या. नागनाथने फरशीवर खडूने रेघा ओढल्या. पहिल्या पटाच्या कवड्यांना पंचवीस किंवा तीसचं मोठं दान पन्नासात नऊ वेळा पडलं. आईच्या कवड्यांना एकतीस वेळा.

कूलरच्या पलीकडे मंडळातल्या शालिनीकाकू कुणाशी तरी बोलत होत्या. तिसऱ्या पटाची कुजबूज त्यांच्यापर्यंतही गेलेली दिसत होती.

"तरीच," काकू म्हणाल्या. "तारामती दर वर्षी कशी जिंकायची ते आता कळलं."

जयंतने सुमनकडे पाहिलं. ती रडेल असं त्याला वाटलं. सुमन रडली नाही. तिला काहीच वाटलं नाही. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाचं होतं तसं तिचं आतून झालं होतं, दीड वर्षापासून. चिमटा काढला तर कातडी हलायची, एवढंच. पण एक गोष्ट तिला स्वच्छ दिसत होती. संध्याकाळी लोक घरी जातील तेव्हा आईचं नाव असं सोबत घेऊन जातील. तिच्याकडे आईचं दुसरं फारसं काही उरलेलं नव्हतं.

"आई लबाडी करत नव्हती," ती म्हणाली. "आपल्याला पाचच्या आत शोधायचंय."

आधी सुमन आणि जयंत वसंतरावांकडे गेले. वसंतराव सांगलीचे, विम्याच्या कचेरीत मोठे साहेब. त्यांनी सकाळीच एका कागदावर सहाही पटांपुढे 'तपासले' असं लिहून सही केली होती. कवड्यांची एकही थैली मात्र उघडली नव्हती. त्यांनी मुलांचं ऐकून घेतलं नाही. पाचला पाहुणे येणार आहेत, आता कटकट नको, नशीब म्हणून काही असतं की नाही, असं म्हणून ते लाडूंच्या पराती मोजायला निघून गेले.

नागनाथ तोवर गच्चीवर गेला होता. बाराचं ऊन होतं, फरशीवर पाय ठरत नव्हता. त्याने सातही कवड्या तिथे मांडल्या आणि जरा वेळाने, दोघं वर आल्यावर, एकीच्या पाठीवर नख टेकवलं. नख आत रुतलं.

"कवडीत नख रुततं का कधी?" त्याने विचारलं.

जयंतने कवडी हुंगली. त्याच्या आईच्या बांगड्या उन्हात ठेवल्या की असाच वास यायचा. पाठीचा सगळा फुगवटा लाखेचा होता! कवडीसारखाच पिवळट रंग दिलेला, घासून गुळगुळीत केलेला. पाठ जड, म्हणून कवडी पडली की पाठीवरच टेकायची आणि तोंड वर.

सुमनने एक कवडी तळहातावर घेतली. आई गेली त्या दिवसांत तिने वडिलांकडे, अण्णांकडे, या कवड्या मागितल्या होत्या. त्यांनी त्या तेराव्या दिवशी दिल्या. तेव्हापासून थैली तिच्या उशीखाली होती. ती कधी खेळली नव्हती, नुसती रात्री मूठ भरून धरायची. आणि पहिल्याच रात्री तिला त्या परक्या लागल्या होत्या. जाड. न ओळखणाऱ्या. तिला वाटलं होतं, आपल्याच हाताला आता काही कळत नाही.

"लाखेचं काम म्हणजे मनिहारों का रास्ता, बांगडीवाल्यांची गल्ली," जयंत म्हणाला. "चला, अडीचपर्यंत परत येऊ."

नागनाथने घड्याळाकडे पाहून मान डोलावली. तिघं टेम्पोत कोंबून बसले आणि चांदपोलच्या वेशीशी उतरून चारदीवारीत, जुन्या तटबंद शहरात, शिरले. छोटी चौपड, म्हणजे सोंगट्यांच्या पटासारखा चार वाटांचा चौक, ओलांडताना जयंतची टकळी चालूच होती. हे सगळं गावच कुणीतरी पट पसरून त्यावर बांधलंय, रिक्षावाले म्हणजे सोंगट्या आणि ट्रॅफिक पोलीस म्हणजे खाली पडलेलं दान, असं त्याचं म्हणणं. नागनाथला हसू आलं. सुमनने ते ऐकलं की नाही कळलं नाही.

बांगड्यांच्या गल्लीत दुकानाला लागून दुकान होतं आणि प्रत्येक उंबऱ्याशी निखाऱ्यांची शेगडी. पहिल्या दुकानात नकाराची मान हलली, दुसऱ्यातही. तिसऱ्या दुकानात एक म्हातारी बांगडीवाली लाखेची कांडी निखाऱ्यावर फिरवत बसली होती. तिने कवडी डोळ्यांजवळ नेली, उलटी केली आणि हसली.

"ये तो मेरे हाथ की है, बेटा."

मग तिने कांडी न थांबवता सगळं सांगितलं. या खेळायच्या कवड्याच नव्हेत. उंटाच्या गळ्यातल्या माळेला शिवायच्या. शिवता याव्यात म्हणून त्यांची पाठ आधीच घासून उघडी केलेली असते. दीड वर्षापूर्वी थंडीत एक मराठी बाबूजी अशा सात कवड्या घेऊन आले, पाठ बंद करून द्या म्हणाले. लाख थंड होईपर्यंत इथेच दगडासारखे बसून राहिले. पैशांची घासाघीस नाही, काही नाही. जोड दिसणार तर नाही ना, एवढं मात्र त्यांनी तीनदा विचारलं.

"कैसे थे बाबूजी?" जयंतने विचारलं.

म्हातारीला चेहरा आठवत नव्हता. डोक्याचे केस नुकतेच काढलेले होते. आणि हातात निळी पिशवी, चेन तुटलेली, दोन सेफ्टी पिना लावलेल्या.

सुमन उठून उभी राहिली. अण्णा ती पिशवी रोज बँकेत न्यायचे. दोन्ही पिना तिनेच लावल्या होत्या.

"कोण असेल गं?" जयंतने वाटेत विचारलं. सुमन म्हणाली, चला, उशीर होतोय. नागनाथने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि जयंतला पुढे काही विचारू दिलं नाही.

सभागृहाच्या दाराशी खुर्ची टाकून सुमनचे वडील उत्तमराव बसले होते. आल्यागेल्याची नावं लिहायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. आई गेल्यापासून ते कामापुरतंच बोलायचे. "जेवलात का?" त्यांनी विचारलं. सुमनने मान हलवली. कवड्यांची थैली तिच्या मुठीत होती. त्यांनी थैलीकडे पाहिलं आणि वहीत डोकं घातलं. सुमन तशीच आत गेली.

आता वसंतरावांना कसं पटवायचं? ते काम जयंतने अंगावर घेतलं. आपल्या बाबांना तो चांगलं ओळखून होता.

"बाबा, गंगूबाई म्हणतात साहेबांच्या हाताला दान नाही."

"असं म्हणतात?" वसंतरावांनी बाह्या सरसावल्या. "आण कवड्या."

पहिलं दान पंचवीस. दुसरं तीस. लोक गोळा झाले. वसंतराव मिशीतल्या मिशीत हसत होते. तिसरं चार पडलं, चौथं पुन्हा पंचवीस. नागनाथ शांतपणे रेघा ओढत होता. दहा दानांत सात मोठी पडली. मग जयंतने पहिल्या पटाच्या कवड्या त्यांच्या हातात दिल्या. दहांत दोनच. वसंतरावांचं हसू हळूहळू उतरलं. नागनाथने रेघांची फरशी दाखवली आणि नख रुतलेली कवडी पुढे ठेवली.

वसंतरावांनी खिशातून सकाळचा तो कागद काढला, आपलीच सही बघितली आणि कागद फाडला.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "आता काय करायचं? पाहुणे पाचला येतात."

उपाय सुमनने तक्त्यावरच मांडून ठेवला होता. तिसऱ्या पटावर दोन फेऱ्यांत आठ जण बसले. त्यांची ती एकेक फेरी रद्द. आठ जण म्हणजे बरोब्बर दोन पट. त्यांनी ती फेरी आत्ता पुन्हा खेळायची. मग तिसरी फेरी, पण नंबर तीनवर गंगूबाईंच्या घरच्या कवड्या. दोन्ही फेऱ्या थोड्या आखूड केल्या की पाचला अंतिम डाव.

कुणी कुरकुरलं, पण तक्त्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. फेरी पुन्हा झाली. वरची नावं खाली आली, खालची वर गेली. तिसऱ्या फेरीत मात्र कुठलाच पट जिंकला नाही, माणसंच जिंकली. अंतिम डावात गंगूबाईंची शेवटची सोंगटी साडेपाचला घरात गेली, आणि जयंतने इतकी लांब शिट्टी फुंकली की पाहुण्यांनी कानावर हात ठेवले.

बक्षीस समारंभात वसंतरावांनी आधी मुलांना पुढे बोलावलं. जे आम्ही पाहायला हवं होतं ते या तिघांनी पाहिलं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. सुमनचा तक्ता कागदावर उतरवून मंडळाच्या कचेरीत लावायचा असं तिथल्या तिथे ठरलं. सुभेदारांनी नागनाथच्या पाठीवर हात ठेवला. गंगूबाईंनी आपला करंडक तिघांच्या हातात देऊन म्हटलं, की अशी स्पर्धा तारामतीनंतर आजच झाली.

टाळ्या वाजल्या. त्या विरल्यावर शालिनीकाकू हलकेच म्हणाल्या, "स्पर्धा चांगली झाली हो. पण मग त्या कवड्या... तारामतीच्याच ना?"

सगळ्या माना सुमनकडे वळल्या. सुमनला उत्तर माहीत होतं. निळी पिशवी, दोन पिना. एक वाक्य बोललं की आईचं नाव स्वच्छ होणार होतं, आणि अण्णांचं? ती थैली दोन्ही हातांत धरून उभी राहिली. तिने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

दाराशी खुर्ची सरकली.

उत्तमराव उठले आणि रांगांच्या मधून चालत आले. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. ते शालिनीकाकूंकडे बघत नव्हते, वसंतरावांकडेही नाही. सुमनपुढे येऊन त्यांनी थैली तिच्या हातातून घेतली आणि मिटल्या मुठीने धरली. तिला त्यांची बोटं लागली. खूप दिवसांनी तिच्या हाताला काहीतरी लागलं, गरम.

"या तिच्या नाहीत," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, न वापरलेला. "तिच्या कवड्या मी पुष्करला सोडल्या, सुमन. तिच्या अस्थींबरोबर. घरात त्यांची खळखळ ऐकवेना. आणि तू मागितल्यास, तेव्हा नाहीत असं म्हणवेना."