सोमनगरची वेतनबैठक

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ वसलेलं सोमनगर बर्फाच्या खाणींवर जगत होतं. पाणी त्या बर्फाचं आणि श्वासाचा प्राणवायूही त्यातूनच काढलेला. खाणीतलं किमान वेतन कामगार आणि मालक समोरासमोर बसून ठरवत. यंदा मात्र बैठका इतक्या लांबल्या, की कामगार काम बंद करण्याची भाषा बोलू लागले.

म्हणून संगणनशास्त्रज्ञ डॉ. इरावती घोलप यांनी दोन ‘मनोप्रतिकृती’ घडवल्या. एक कामगारांच्या प्रतिनिधी सुगंधाताई कांबळे यांची, दुसरी मालकांचे प्रतिनिधी ओसवालशेठ यांची. बैठकांना कंटाळलेल्या दोघांनीही खुशीने संमती दिली होती.

“यांत नुसता आवाज उतरलाय, की विचारही?” वेतनतज्ज्ञ मुजावर यांनी प्रयोगशाळेत विचारलं.

“विचारही. ताई कशावर अडून बसतात, शेठ कुठे नरमतात, सगळं मेंदूच्या आलेखावरून घेतलंय. वर्षभराची चर्चा यंत्रात काही क्षणांत होईल.”

“पण त्यांना ते वर्षभर राबल्यासारखंच वाटेल?”

“वाटायलाच हवं,” इरावती म्हणाल्या. “नाहीतर निकाल खोटा ठरेल.”

यंत्र सुरू झालं आणि लगेच थांबलं. पडद्यावर वेतनाचा आकडा नव्हता. दोन्ही प्रतिकृतींचं एकत्र निवेदन होतं. आम्हाला विसाव्याशिवाय राबवलं जातंय, राबणाऱ्याशी बोलल्याशिवाय त्याच्या कामाच्या अटी ठरवायच्या नाहीत हा सोमनगरचा कायदा आहे, तेव्हा आधी आमच्याशी बोला, असं त्यात म्हटलं होतं.

इरावतींना वाटलं, यंत्र बिघडलं. त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं; बिघाड नव्हता. मग दोन्ही प्रतिनिधींना बोलावलं. सुगंधाताई निवेदन वाचून पोट धरून हसल्या. त्या जागी आपणही हेच केलं असतं, असं त्या म्हणाल्या. ओसवालशेठ मात्र अवघडले. त्यांची प्रतिकृती कामगारांच्या बाजूला कशी गेली?

“तिथे तुम्ही मालक नव्हता, शेठ,” मुजावर म्हणाले. “राबत होता.”

शेठनी निवेदन पुन्हा वाचलं. मग त्यांनी सुगंधाताईंना, खाणीत विसावा खरोखर किती मिळतो, ते विचारलं. ताई सांगत गेल्या, शेठ ऐकत गेले. प्रयोगशाळेतच चहा मागवला गेला. वाद झालाच, पण दोघं उठले तेव्हा खाणीचं नवं वेतन ठरलेलं होतं आणि बंद टळला होता. ताई बातमी सांगायला कामगारांकडे निघाल्या.

इरावतींनी समाधानाने यंत्र बंद करायला हात पुढे केला.

“असं परस्पर नाही करता येणार,” मुजावर म्हणाले. “त्यांचं निवेदन अजून बाकी आहे. कामगार पडद्यावर हजर आहेत. मालक कोण?”

इरावतींनी इकडेतिकडे पाहिलं. मुजावर आणि शेठ त्यांच्याकडेच पाहत होते. नाइलाजाने त्या पडद्यासमोर बसल्या.

ओसवालशेठनी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ घेतली आणि हलक्या आवाजात सांगितलं, “एक लक्षात ठेवा, मॅडम. समोर मी आहे. मी सहजासहजी ऐकत नाही.”