सात नंबरचा दरवाजा

नोकरीचा शेवटचा महिना उरलेला माणूस सहसा पेढे घेऊन येतो. धर्मराज म्हसकर नोटीस घेऊन आले.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, फरसाणच्या दुकानावर, तेजस्वी गुळवेची डिटेक्टिव्ह एजन्सी होती. मुख्य धंदा लग्नाआधीच्या चौकशांचा. मावसभाऊ संतोष तिचा भागीदार होता. भांडवल तिचं, शंका त्याच्या.

"नऊ वर्षं घरभाडे भत्ता जादा घेतला म्हणे मी," धर्मराज म्हणाले. "म्हणे मी खात्याच्या वसाहतीत सात नंबरच्या क्वार्टरमध्ये राहतो, आणि तिथे राहणाऱ्याला तो मिळत नाही. पण मॅडम, मी बदलापूरला भाड्याने राहतो हो! आता ग्रॅच्युइटीतून वसुली. कात्रपचा फ्लॅट त्याच पैशांवर अडलाय. गेला तो हातचा."

"वसाहतीत कधी गेला होतात?"

"एकदाच. आईच्या वर्षश्राद्धानंतर तिथल्या भजनी मंडळाला देणगी द्यायला."

"यांच्या नावावर कुणीतरी भाडेकरू घुसवलाय," संतोष कुजबुजला. "वॉचमनच!"

वसाहत बदलापूरच्या बाहेर होती. धर्मराजही सोबत आले. वॉचमन शंकरने खुर्ची पुढे केली. तिच्या पाठीवर रंगवलं होतं, 'कै. गोविंद भोईर यांच्या स्मरणार्थ'. संतोष टेकेना.

"बसा सायेब. ते काय उठवायला येनार नायत."

"सातमध्ये कोण राहतं?" तेजस्वीने विचारलं.

"कोनी नाय."

"मग नोटिशीत दिवा लागतो म्हटलंय तो?"

"गुरुवारी लागतो. सगुणाबाईंना इचारा. माझी ड्यूटी गेटवर."

सहा नंबरच्या सगुणाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"शेजारून आवाज येतो का हो, मावशी?"

"येतो की. बेसूर." मग त्यांनी जीभ चावली. "आधीच्या साहेबांनी तोंडी परवानगी दिलीये. मला यात ओढू नका, बाई."

दार बंद.

वसाहतीतले सगळे दरवाजे खालून कुजलेले. सात नंबरचा तेवढा सागवानी, पॉलिश केलेला. त्यावर दिवाळी उलटली तरी दसऱ्याचं वाळलेलं, जाडजूड तोरण लोंबत होतं. तोरणाखाली ठसठशीत अक्षरं: 'धर्मराज म्हसकर, २०१६'.

संतोषने धर्मराजांकडे एकदा नीट पाहिलं. अशीलच चोर निघालं तर फी मिळते का, हा प्रश्न त्याला पडला होता.

ज्या अहवालावरून नोटीस निघाली तो लिहिणारे सम्यक साहेब अंबरनाथच्या कार्यालयात नवीनच आले होते.

"दाराला नाव, राहायला आल्याचं साल. आणखी काय पुरावा हवा?"

"पाहणी कधी केलीत?"

"दसऱ्यानंतर. कुलूप होतं. शेजारीपाजारी विचारलं तर सगळे गप्प. म्हणजे मिलीभगत."

"उद्या संध्याकाळी वसाहतीत या," तेजस्वी म्हणाली. "गुरुवार आहे."

दुसऱ्या दिवशी सगळे सात नंबरसमोर जमले.

"साहेब," तेजस्वीने सुरुवात केली, "खात्याच्या घराला स्वतःच्या खर्चाने सागवानी दरवाजा लावणारा कर्मचारी तुम्ही पाहिलाय?"

"नाही," सम्यक प्रामाणिकपणे म्हणाले.

"म्हणजे दरवाजा राहणाऱ्याचा नाही, देणगीचा आहे. आणि इथे देणगीवर नाव रंगवल्याशिवाय चैन पडत नाही. वॉचमनच्या खुर्चीलाही सुटका नाही. पण खुर्चीवर नुसतं नाव नाही, 'स्मरणार्थ'ही आहे. इथे ते कुठंय?"

तिने तोरण वर उचललं. 'कै. रखमाबाई म्हसकर यांच्या स्मरणार्थ'.

"आई..." धर्मराज पुटपुटले. "मी फक्त पाकीट दिलं होतं."

"त्यातून मंडळाने दरवाजा केला. २०१६ हे देणगीचं साल. गुरुवारचा दिवा आणि बेसूर आवाज भजनाचा. लेखी परवानगी नाही, म्हणून शेजारी गप्प. उघडा, मावशी."

आत सतरंजी, टाळ, पेटी. ना चूल, ना अंथरूण.

सम्यकांनी तिथूनच कार्यालयात फोन लावला. "म्हसकरांची वसुली थांबवा. हो, चूक माझीच. रद्दचा आदेश उद्या सकाळी माझ्या सहीला ठेवा." मग सगुणाबाईंकडे वळले. "आणि तुम्ही परवानगीचा अर्ज द्या."

धर्मराज पायरीवरच बसले. त्यांनी बायकोला फोन लावला. स्पीकर चुकून चालू झाला.

"अगं, सिद्ध झालं! मी क्वार्टरमध्ये राहत नव्हतो! फ्लॅट आपलाच!"

"त्यात सिद्ध काय करायचंय?" पलीकडून आवाज आला. "रोज रात्री ते घोरणं मी ऐकतेय! मला विचारलं का कुणी?"

तेजस्वीने संतोषकडे पाहिलं. संतोषने तेजस्वीकडे. विचारलं नव्हतं.