न परतल्यास

"अहो मॅडम, उठा... बऱ्या आहात ना?"

डोळे उघडले तर समोर वनरक्षक. सकाळी अभयारण्याच्या फाटकावर वहीत माझं नाव लिहून घेणारा तोच. गुडघ्यापर्यंत चिखल, बाह्यांना कुसळं आणि चेहरा असा, जणू मीच याचं काहीतरी चोरलंय.

मी जुन्या गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली, पायरीवर झोपले होते. वॉर्डात सलग अकरा दिवस ड्यूटी केलेली नर्स दुसरं काय करणार? जंगलात तंबू ठोकला, जुनं गाव बघावं म्हणून टेकडी उतरले, आणि दुसऱ्या कमानीजवळच्या या मनोऱ्याशीच पाय म्हणाले, बास.

"बाहेर पडताना वहीत सही करायची असते." तो शेजारी मटकन बसला. "तुमची नाही, आणि तंबू रिकामा. म्हणजे तुम्ही जंगलातच. तीन तास हाका मारतोय... घसा बसला."

"अगं बाई — विसरलेच. पण मग घरी कळवायचं की."

"कुणाला? 'न परतल्यास कोणाला कळवावे', तिथे तुम्ही रेघ मारलीय."

आई गेल्यापासून मी तिथे रेघच मारते. दादा आहे, पण तो म्हणेल, रविवारी शोधलं तर चालेल का? जन्मभर मी लोकांच्या उशाशी बसले. माझ्यासाठी कुणी चिखल तुडवला नव्हता. लाज वाटली, आणि खरं सांगते, फार बरंही वाटलं.

"दमलात?" मी विचारलं.

"मरणाचा. तुम्ही?"

"मी झोपून दमले."

तो हसला. बाटलीतलं पाणी आधी मला दिलं. मग राहिलेलं गाव आम्ही दोघांनी पाहिलं, पाय ओढत, दिसेल त्या बाकावर बसत.

"ही कमान कधीची?"

"काय माहीत. मी झाडांचा माणूस."

दुसऱ्या दिवशी तंबू गुंडाळून फाटकाशी आले. आठवणीने सही केली. तरी तो वही मिटेना. बोट त्या रेघेवर.

"हे... असं अपुरं बरं दिसत नाही."

"आता तर परतलेय मी."

"पुढच्या वेळचं म्हणतोय."

मी रेघ खोडली. "नंबर सांगा."

शेवटचे दोन आकडे तो चुकला, पुन्हा सांगितले. पुढच्या रकान्यापाशी मी पेन थांबवलं. "नातं काय लिहू?"

तो फाटकाच्या कडीशी चाळा करू लागला.

"तूर्तास... शोधणारा लिहा."

मी लिहिलं.